पार्वतीचा रफार

वडशातल्या अश्वजित उंदीरवाड्यांशी बोलायचं म्हणजे माणसाला पुढे वाकावं लागायचं. आवाजच तसा. ऐन उमेदीची वर्षं त्यांनी झाडीपट्टीच्या, म्हणजे त्या जंगलपट्ट्यात रात्रभर चालणाऱ्या, नाटकांत प्रॉम्प्टर म्हणून काढली होती. विंगेत उभं राहून नटाच्या कानात वाक्य सोडायचं, पण ते समोर बसलेल्या गावाला ऐकू जाऊ द्यायचं नाही, हे त्यांचं काम. त्या बेतानं ते इतकं कुजबुजले, की पुढे घरात मीठ मागायचं झालं तरी तेवढाच आवाज निघायचा. बाजारातली भाजीवाली म्हणायची, "जोरानं बोला जी, कोणाले भेऊन राह्यले?"

नाटक सुटल्यावर त्यांनी टायपिंग शिकून स्टेशन रोडला दुकान थाटलं. पाटी लावली, 'उंदीरवाडे ग्राफिक्स'. आडनावावरून चेष्टा व्हायचीच. "तुमचा माऊस घरचाच असंल, नाई?" असं प्रत्येक नवं गिऱ्हाईक एकदा तरी विचारायचं, आणि अश्वजितभाऊ प्रत्येक वेळी तितकंच मंद हसायचे. नवऱ्याच्या कुजबुजीची सगळी भरपाई त्यांच्या बायकोनं, निशाबाईंनी केली होती. त्या झेरॉक्स आणि लॅमिनेशन बघायच्या, आणि त्यांचं बोलणं समोरच्या चहावाल्याला ऐकण्याची इच्छा नसतानाही ऐकू जायचं.

दुकानाची खरी कमाई दिवाळीनंतरची. तेव्हा नाटक कंपन्यांची कार्यालयं वडशात उघडतात, गावोगावच्या मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेला, नाटकं ठरतात आणि पोस्टरांचा पाऊस पडतो. नेमकं त्याच तोंडावर त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरनं मान टाकली. नागपूरहून नवा आणला. दिसायला देखणा, कामाला चपळ. पण अश्वजितभाऊंनी मागच्या वर्षीचं एक पोस्टर उघडलं, तर नाटकाच्या नावाच्या जागी नुसते चौकोन. न्हाणीघराला टाइल बसवाव्या तशी चौकोनांची ओळ.

निशाबाईंनी मागून डोकावून पाहिलं. "टाइलवाल्याची जाहिरात आहे का जी?"

"फॉन्ट नाई याच्यात," अश्वजितभाऊ पुटपुटले. "आपला 'बहार' टाकावा लागंल."

'बहार' हा त्यांचा लाडका फॉन्ट. जाडजूड, ठसठशीत, लांबून वाचता येणारा. तो होता सीडीवर, आणि नव्या कॉम्प्युटरला सीडी घालायची जागाच नव्हती. भाऊंनी त्याला चहूबाजूंनी फिरवून पाहिलं, आडवाही केला. शेवटी एका ओळखीच्याकडून सीडीतला माल पेनड्राइव्हवर उतरवून आणला आणि फॉन्ट बसवला. कॉम्प्युटर म्हणाला, बसला. पण पोस्टरच्या प्रोग्राममध्ये यादी उघडली, तर 'बहार' कुठेच नाही. बंद करून पुन्हा चालू केला, तेव्हा एकदम तीन 'बहार' दिसायला लागले. पहिला लावला तर इंग्रजी अक्षरं येत, दुसरा लावला तर चौकोन, आणि तिसरा लावला की प्रोग्रामच मिटून जायचा. भाऊंनी चिडून तिन्ही काढायला घेतले. दोन निघाले. तिसऱ्याबद्दल कॉम्प्युटरनं कळवलं, की हा फॉन्ट सध्या वापरात आहे.

"वापरात आहे तर दिसत काऊन नाई?" निशाबाईंनी विचारलं. हा प्रश्न इतका बरोबर होता की भाऊंना त्याचा राग आला.

मग त्यांनी फॉन्ट बनवणाऱ्या कंपनीला पुण्याला फोन लावला. तिकडच्या मॅडम म्हणाल्या, "हॅलो? हॅलो? आवाज येत नाहीये तुमचा." फोन कट. पुन्हा लावला, पुन्हा तेच. तेव्हा निशाबाईंनी फोन हिसकावून घेतला. भाऊ कानाशी कुजबुजायचे आणि त्या तेच वाक्य खड्या आवाजात पुण्याला पोचवायच्या. आयुष्यभर ज्या माणसानं दुसऱ्यांना वाक्यं पुरवली त्याला घरचीच नटी मिळाली, आणि ती पदरचीही वाक्यं घालत होती.

"मॅडम, तीन-तीन बहार दिसून राह्यले आणि कामाचा एकबी नाई. सीझन तोंडावर आहे आमचा!"

"ताई, तो फॉन्ट जुन्या पद्धतीचा आहे," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "आता सगळं युनिकोडमध्ये असतं. मी तुम्हाला नवा 'बहार' पाठवते आणि सोबत एक ॲड-इन. म्हणजे तुमच्या प्रोग्रामला जोडायचं एक छोटंसं अवजार. त्याचं बटण दाबलं की जुन्या फायलीतला मजकूर आपोआप नव्या फॉन्टमध्ये येईल."

अवजार आलं. बसवलं. बटण दिसेना. मॅडमनी विचारलं, प्रोग्राम बंद करून बसवलंत ना? नव्हतं. बंद करून बसवलं, बटण आलं. भाऊंनी त्या दिवशी जेवताना भाजीला मीठ कमी होतं तरी मागितलं नाही, इतके ते खूश होते. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं तर बटण गायब. प्रोग्राम रातोरात आपोआप सुधारला होता म्हणे.

"माणसं सांगून सांगून सुधरत नाई," निशाबाई म्हणाल्या, "आणि हा न सांगता सुधरला."

पुन्हा फोन, पुन्हा कानाशी कुजबुज. प्रोग्राम सुधारला तसं अवजारही त्याच्या जोडीचं नवं लागणार होतं. तेही आलं. या खेपेला अश्वजितभाऊंनी नीट परीक्षा घेतली. क्ष, ज्ञ, श्र टाकून पाहिले. सर्व, मार्ग, सूर्य टाकून पाहिले. प्रत्येक रफार मोराच्या तुऱ्यासारखा डोक्यावर ताठ उभा. भाऊंनी समाधानानं सगळ्या जुन्या फायलींवर एका दमात बटण दाबलं आणि चहा सांगितला.

पहिलं काम बिरजूभाऊंच्या कंपनीचं होतं. त्यांचं हुकमी नाटक, 'हरवली पार्वती'. सासरच्या छळाला कंटाळून घर सोडणाऱ्या बाईची गोष्ट. पार्वती करायच्या गुणाबाई. तरुणपणापासून त्याच करत आल्या होत्या, आणि आता कंपनीत त्यांचा शब्द बिरजूभाऊंच्याही वर चालायचा. हे नाटक अश्वजितभाऊंनी विंगेतून इतक्यांदा पुटपुटलं होतं की ते झोपेतही त्यांना पाठ होतं. घात तिथेच झाला. पोस्टरचं प्रूफ त्यांनी डोळ्यांखालून घातलं, पण वाचलं आठवणीनं. पोस्टरं छापून आली, जीपमध्ये पडली, आणि कुरखेड्याकडच्या गावांना रवाना झाली.

आणि मग एका सकाळी गुणाबाई दुकानाची पायरी चढल्या. हातात पोस्टराची गुंडाळी.

"अश्वजित," त्या म्हणाल्या, "मी तुले पावती दिसून राह्यली का?"

भाऊंना काही कळेना. गुणाबाईंनी काउंटरवर पोस्टर पसरलं. केस मोकळे सोडून, डोळ्यांत पाणी आणून, आकाशाकडे हात पसरलेल्या गुणाबाई. आणि त्यांच्या डोक्यावर लालभडक, ठसठशीत, लांबून वाचता येणाऱ्या अक्षरांत लिहिलेलं, 'हरवली पावती'.

"पावती हरवली म्हणून मी एवढी रडून राह्यली, असं दिसते का नाई?"

निशाबाई झेरॉक्सच्या मशीनमागे कागद शोधायला खाली वाकल्या आणि बराच वेळ वर आल्या नाहीत. मशीन मात्र हलत होतं.

"आणि आमचा माईकवाला! तो पोस्टर पाहूनच बोलते. जीप गावोगाव फिरून राह्यली आणि तो वरडून राह्यला, 'मायबहिणींनो, काळजाचं पाणी करणारं नाटक, हरवली पावती!' उद्या नाटक आहे, बाबू. आता मी काय करू?"

अश्वजितभाऊ कॉम्प्युटरकडे वळले. त्यांनी फाइल उघडली. तिथेही पावतीच. तेवढ्यात सोमाजी दारात उभे राहिले. पोरीच्या लग्नाच्या पत्रिकेचं प्रूफ त्यांनी आदल्या दिवशी नेलं होतं.

"जयभीम, अश्वजितभाऊ. एक विचारू का? आमाले पोरगी एकच आहे."

"हाव," भाऊ म्हणाले.

"मंग पत्रिकेत 'कीती' काऊन लिवलं?"

पोरीचं नाव कीर्ती. मजकूर मागच्या साली साखरपुड्याला केलेल्या जुन्या फायलीतूनच उचलला होता. "सोयरे फोन करून विचारतीन ना, कीती म्हणून," सोमाजी गंभीरपणे म्हणाले. गुणाबाई चिडलेल्या होत्या, तरी त्यांना हसू आवरेना. निशाबाईंना तर मशीनमागून बाहेर यायचा मार्गच उरला नाही.

भाऊंनी दोन्ही शब्द एकाखाली एक ठेवले. पार्वती, कीर्ती. मग जुन्या पद्धतीनं गर्दी, वर्दी, मर्जी टंकून बटण दाबलं. गदी, वदी, मजी. सर्व मात्र सर्वच राहिलं. तेव्हा त्यांच्या डोक्यात उजेड पडला. जुन्या 'बहार'मध्ये वेलांटी आणि तिच्यावरचा रफार मिळून एकच खूण होती. अवजार त्यातली वेलांटी ओळखत होतं आणि रफार गिळत होतं. परीक्षेत त्यांनी वेलांटीवरचा रफार घातलाच नव्हता.

हे कळल्याचा आनंद भाऊंना जेमतेम झाला असेल, तोच त्यांचा चेहरा पडला. "वदी," ते म्हणाले.

"काय वदी?" निशाबाई एकदाच्या वर आल्या.

चौकात एका पोलीस भरतीच्या क्लासचा भलाथोरला फलक लागला होता. मजकूर भाऊंनीच जुन्या फायलीतून बटण दाबून केलेला. 'वर्दीचं स्वप्न साकार करा.'

सगळे चौकात गेले. 'वदीचं स्वप्न साकार करा' म्हणत फलक ऐटीत डोलत होता. खाली क्लासची पोरं दंडबैठका काढत होती आणि त्यांच्यातल्या कुणालाही काही वावगं दिसलेलं नव्हतं. निशाबाईंनी शेजारच्या रंगाच्या दुकानातून डबा आणि ब्रश आणला, कुठून तरी शिडी आणली. अश्वजितभाऊ, ज्यांना स्टुलावर चढलं तरी चक्कर यायची, ते शिडीवर चढले. खालून गुणाबाई ओरडत होत्या, "थोडा उजवीकडं! आता वर! अजून वर, वेलांटीच्या डोक्यावर!" भाऊंनी डोळे मिटून ब्रश मारला. रफार जरा लठ्ठ झाला, पण बसला.

"आता माह्या पार्वतीले," गुणाबाईंनी हुकूम सोडला.

त्या दिवशी वडशातल्या खांबाखांबावरच्या पावतीला हातानं रफार बसवण्यात आला. काही तिरपे झाले, एकाचा ओघळ गुणाबाईंच्या कपाळावरून नाकापर्यंत आला. पण खेड्यांतली पोस्टरं लांब होती, आणि जीप तर अजून ओरडतच फिरत होती.

नाटकाला जायची भाऊंची हिंमत झाली नाही. नाटकाच्या दुसऱ्या सकाळी कंपनीची गाडी परतताना दुकानासमोर थांबताना दिसली, तसं त्यांनी शटर खाली ओढायला घेतलं. निशाबाईंनी ते तितक्याच जोरात वर ढकललं. "चूक केली तर उभं राह्यना जी!"

गुणाबाई उतरल्या. तोंडावर कालचा रंग अजून तसाच होता, आणि त्या हसत होत्या.

"काय सांगू, निशा! पाय ठेवायले जागा नव्हती. धान विकून, पावतीवर पैसे मिळायची वाट पाहत बसलेली सगळी गावं. पावती हरवल्याचं दुःख प्रत्येकाच्या घरचं! पहिला अंक झाला, मी छातीफोड रडली, पण एक माणूस डोळे पुसंना. एक म्हातारा उठून विचारते, 'बाई, ते सगळं ठीक आहे, पावती कुठी आहे?'"

"मंग?" निशाबाई पुढे सरकल्या.

"मंग काय! शेवटी नवरा रानोरान फिरते, आणि 'पार्वती! पार्वती!' म्हणून हाका मारते. तो एकदा हाक मारे आणि मागून सारं पब्लिक म्हणे, 'पावती!' माह्या पदराले एसटीचं जुनं तिकीट बांधलेलं होतं. ते सोडलं, त्याच्या हातात देल्लं आणि म्हटलं, 'घ्या. तुमची पावती माझ्याच पदराला होती, मी जपून ठेवली होती. पावती सापडली धनी. पण पार्वती आता सापडणार नाही.'"

 समोरचा चहावाला चहा ओतता ओतता थबकला.

"असं वाक्य नाई त्या नाटकात," अश्वजितभाऊ म्हणाले.

"नाई ना! पण मांडव असा चूप झाला, आणि मंग बाया अशा रडल्या, की मीच रडाची थांबली. तू विंगेत असता तर नक्की म्हटलं असतं, 'गुणाबाई, चुकलं, चुकलं.'"

"म्हटलं असतं," भाऊंनी कबूल केलं.

मंडईतून पुढच्या गावांची बोलावणी आली, ती सगळी 'पावतीवाल्या नाटकाची'. बिरजूभाऊंचं म्हणणं पडलं, की नाव आता तेच ठेवू. गुणाबाईंनी साफ नकार दिला. जन्म गेला पार्वती करण्यात, आता त्या पावती होणार नव्हत्या. बरीच झकाझकी झाली आणि तडजोड निघाली. नवं पोस्टर अश्वजितभाऊंनी एकेक अक्षर हातानं टंकून केलं. वर ठळक 'हरवली पार्वती', आणि खाली लहान अक्षरांत, 'पावतीसह'.

पुण्याच्या मॅडमनी दिलगिरी व्यक्त करत दुरुस्त केलेलं अवजार पाठवलं. निशाबाईंनी त्यांना फोनवरूनच नाटकाचं आमंत्रण देऊन टाकलं. भाऊंनी अवजार बसवलं, पण प्रूफ वाचायचं काम आपल्याकडे ठेवलं नाही. ते निशाबाईंकडे गेलं, कारण त्यांना कुठलंच नाटक पाठ नव्हतं. त्या एकेक अक्षर फोडून, कानामात्रेसकट मोठ्यानं वाचतात. पहिली पत्रिका सोमाजींची वाचली. कीर्तीचा रफार तर त्यांनी असा दणक्यात उच्चारला, की रस्त्यावरून जाणारी सायकल थांबली.

तेव्हापासून वडशात कुणाचं लग्न कुणाशी ठरलं, मामाचं नाव पत्रिकेत आधी की काकाचं, आहेर घेणार की नाही, हे सगळं पत्रिका छापण्याआधी अख्ख्या स्टेशन रोडला ठाऊक असतं. चहावाला तर आता प्रूफातल्या चुकाही सांगतो.