देवीनं कौल दिला नाही त्या दिवशी

सुनेला दिवस जाऊन दोन महिने झाले होते. आधीचं पोट असंच सुरुवातीला पडलं होतं, म्हणून या वेळी मी घरात ताकीदच दिली होती, तिसरा सरेपर्यंत कुणाला सांगायचं नाही, डॉक्टरलाही नाही. दृष्ट लागते असं आमच्याकडे मानतात. सून दिवसा झोपायची, फोडणीच्या वासानं ओकायची, सारखी लघवीला जायची. मी टोमणे मारायचे. "आमी पोटुशी असताना भात लावलाय. तुझंच लई नवाल."

एका सकाळी तिनं मला मोरीपाशी बोलावलं. अंगावरून थोडं रक्त गेलं होतं. मुलगा कामावर गेलेला. ती म्हणाली, "आत्या, भोरला दवाखान्यात जाऊया." मी म्हणाले, आधी देवीला विचारू. आमच्या देवीच्या अंगावर फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवतात. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. सुनेला देवळाच्या ओट्यावर निजवून मी आत कौल लावून बसले. तास गेला, एकही पाकळी हलली नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा वाटलं, देवीला आपलं ऐकूच येत नाही की काय.

तेवढ्यात दारात एक अनोळखी बाई उभी राहिली. भोरची मुसलमान, गावोगाव बांगड्या भरत फिरणारी. सावलीला म्हणून ओट्याशी आली होती.

"मावशी, बाहेर पोरगी पांढरी पडलीय. तुमी हितं काय करताय?"

"कौलाची वाट बघतीय."

"आन् पोरीनं कुणाची वाट बघायची? उठा. आमचा टेम्पो भोरलाच चाललाय. देवी कुठं पळून जाती का?"

मला राग आला. तरी उठले. कशी उठले ते आजही सांगता येत नाही. एरवी मी कुणाच्या सांगण्यानं उठणारी नाही. वाटभर त्या बाईनं सुनेचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि ती नवऱ्यावर ओरडत होती, "खड्डा बघून चालवा, बांगड्या न्हाईत मागं, माणूस हाय!"

भोरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मला सोनोग्राफीच्या पडद्यावर दाखवलं. घेवड्याच्या दाण्याएवढं काहीतरी, आणि त्यात बारीक लुकलुकत होतं. ते काळीज, त्या म्हणाल्या. हातापायांचे कोंबही फुटले होते. बाळासाठी अंगातलं रक्त वाढतं, सगळं शरीर बदलतं, त्यानं थकवा येतो, मळमळतं, लघवीला सारखं जावं लागतं.

"म्हंजी ही आळशी न्हाई?"

"आजी, ती झोपेतसुद्धा काम करतीय. आणि यापुढं थेंबभर रक्त दिसलं तरी लगेच आणायचं."

बाहेर आले तर टेम्पो निघून गेला होता. त्या बाईचं नावही विचारायचं राहिलं. देवीपुढे हात जोडले की आता तिचाच चेहरा समोर येतो, आणि देवीला त्याचा राग येत नसावा.

सून पाचव्यात आहे. एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. पहिल्या वेळीही ती "भोरला जाऊया" म्हणाली होती. तेव्हा कौल डावा पडला आणि मी नेलं नाही. नेलं असतं तर राहिलं असतं का, हे डॉक्टरीणबाईंनाही सांगता आलं नाही. परवा हे सुनेला बोलले.  तिनं माझा हात ओढून आपल्या पोटावर ठेवला. आत हललं. मी देवीकडं काहीच मागितलं नाही, नुसती बसून राहिले.