फांगुपोकाकांचा फुकटचा वर्ग

गुरुवारी संध्याकाळी चर्चमागच्या पत्र्याच्या शेडवरून जाताना अजूनही वाटतं, आतून फांगुपोकाकांचं ते खाकरणं ऐकू येईल. बोलण्याआधी दोनदा, आणि कुणी भलताच नट फिरवला की तिसऱ्यांदा, चांगलं लांबवून. गावातल्या शेंबड्या पोरालाही त्यांची नक्कल येते, पण ती मजा नाही.

काकांनी जन्मभर ऑकलंडच्या बोटींवर इंजिनं सांभाळली. मग ते टोंगाला, आमच्या वावाऊ बेटावर परतले आणि होडीच्या मोटारीची दुरुस्ती फुकट शिकवू लागले. परीक्षा नाही, सर्टिफिकेट नाही. शिकला नाहीस तर भरसमुद्रातून वल्हवत घरी ये, एवढंच. सरावाला इंजिन मासेमारी खात्यानं उसनं दिलेलं. अट एकच : वर्ग ओस पडला तर ते परत नेणार.

काकांच्या जिवाला तोच घोर. म्हणून कालोलाइनेकाकू दर वर्गाला रांधू लागल्या. नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं, आत खारं मटण, वर तळलेले पिठाचे गरम गोळे. आधी शेड भरली. मग माणसं गळू लागली. काकूंनी जेवण वाढवलं, तर आणखीच गळाली.

"अहो, मीठ कमी पडतंय का माझं?"

"तुझं नाही गं. मीच अळणी शिकवत असेन."

पुढच्या गुरुवारी खात्याचे साहेब येणार, असा निरोप आला, त्या दिवशी शेडमध्ये काका आणि इंजिन, दोघंच. काका उठले ते थेट हिको कोळ्याच्या अंगणात. त्यांना बघून हिको नीरफणसाच्या झाडामागे लपला.

"हिको, पोट बाहेर राहिलंय."

"डोकं दुखतंय हो, काका."

"मग डोकं घरी ठेव नि पोट पाठव वर्गाला!"

हिको ओशाळून पुढे आला. "खरं सांगू? काकूंचं खाऊन खाऊन तोंड दाखवायची सोय राहिली नाही. तुम्ही शिकवता, वर जेवायला घालता, आणि आमच्याकडून कध्धी काही मागत नाही. माझी बायको तर म्हणते, 'जा, जा परत, फुकट गिळायला!' सगळ्यांच्या घरी हेच चाललंय."

काका असे खाकरले की कोंबड्या पांगल्या. परदेशात पगारावर जगलेला माणूस, कुणापुढे हात पसरायचा नाही ही त्यांची जन्माची शिस्त. मागायचं म्हणजे दाढ उपटण्यासारखंच.

"माझ्या कोनफळांच्या वाडीत..." ते थांबले. "तण माजलंय. मला वाकवत नाही. देशील काढून?"

"आधी नाही का बोलायचं, काका!" हिको एवढ्या आनंदानं ओरडला की त्याची बायको बाहेर आली.

साहेब आले तेव्हा शेडमध्ये चिटपाखरू नव्हतं. इंजिनही नव्हतं. शोधत शोधत ते वाडीत पोचले. निम्मा वर्ग तण उपटत होता. उरलेला निम्मा उघड्या इंजिनाभोवती, मातीच्या हातांनी, कार्ब्युरेटरवरून भांडत होता. काका मधोमध खाकरत होते. काकू सावलीत बसून हिकोच्या बायकोनं आणलेले मासे खात होत्या.

साहेब इंजिन न मागताच धक्क्याकडे वळले. हिकोनं त्यांच्या होडीत कोनफळांची टोपली चढवली.

"अरे, हे कशाला?"

"खा हो निवांत, साहेब. फक्त पुढच्या खेपेला रिकाम्या हातानं येऊ नका. स्पार्क प्लग चालतील."