वळणावरची कुत्री

'छान आहे' हे शब्द मी माझ्या वर्गात बंद केले, त्याला आता काही वर्षं झाली. नववीची मुलं. एकमेकांचे निबंध वाचून सांगा म्हटलं की दोनच प्रकार व्हायचे. मैत्री असेल तर 'छान आहे, अक्षर सुंदर आहे'. भांडण असेल तर 'बोर आहे'. अरे, बोर काय बोर! घरी आमटी बिघडली तर आईला काय सांगतोस? मीठ कमी आहे म्हणतोस ना? मग तसं सांग की. काय कमी आहे ते कळलं तर तिला घालता येईल. 'स्वयंपाक बेकार' म्हटलंस तर उलथनं बसेल पाठीत आणि आमटी राहील तशीच.

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. मी मूळची नगरची, सावेडीची. आमच्या घरात तीन पिढ्या मास्तरकी, आणि आवाज असा की चर्चमध्ये गाणी म्हणायला लागलो की पुढच्या बाकावरचे लोक वळून बघायचे. नोकरी लागली ती कोपरगावच्या बाजूला, उसाच्या रानात बसलेल्या एका शाळेत. तिथं मी खोली घेऊन राहते आणि स्कूटरवर शाळेत जाते. मुलं बहुतेक वस्त्यांवरची. निबंध मात्र सगळ्यांचे गाईडमधले. सगळ्यांच्या निबंधात निळंशार आकाश आणि खळखळणारा झरा. आमच्या भागात झरा कुठं असतो, मला दाखवा! चारी असते, म्हणजे कालव्याचं शेताकडे येणारं पाणी, आणि तेही पाळी असेल तेव्हाच.

म्हणून मी गोल सुरू केला. दर गुरुवारी शेवटच्या तासाला बाकं बाजूला सारायची आणि जमिनीवर गोल करून बसायचं. एकानं आपला निबंध मोठ्यानं वाचायचा. ऐकणाऱ्यांनी आधी सांगायचं, डोळ्यांपुढं काय दिसलं. मग कुठं अडखळलो ते. आणि शेवटी एक प्रश्न विचारायचा, ज्याचं उत्तर खरंच जाणून घ्यायचंय असा. लिहिणाऱ्याच्या तोंडाला तेवढा वेळ कुलूप. 'नाही, मला असं म्हणायचं होतं' वगैरे वकिली चालणार नाही. उत्तर द्यायचं ते कागदावर, पुढच्या गुरुवारी. या कुलपाचा मला फार अभिमान होता. तोंडी खुलासा केला की मुलांना वाटतं काम झालं, आणि कागद कोराच राहतो.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी एका मुलीनं 'माझी शाळेची वाट' वाचलं. चारीच्या कडेनं जाणारी तिची वाट, दोन्ही बाजूंना ऊस, सायकलच्या कॅरिअरवर पहिलीतली धाकटी बहीण. वाटेत एक वळण. वळणाजवळ एका शेतकऱ्याची वस्ती, आणि तिथली कुत्री अंगावर धावून यायची. म्हणून ती सायकलवरून उतरून, हातात दगड घेऊन, सायकल ढकलत जायची. कुत्र्यांवर तिनं पानभर लिहिलं होतं. एकाचा कान फाटलेला, एक भुंकताना शेपूटही हलवायचं, एक नुसतंच म्हातारं. ऐकताना मला हसू आवरेना.

गोलातला एक मुलगा, त्याच्या घरी दूध डेअरी, बोलण्यात एक नंबर, तो म्हणाला, "मला वाट दिसली. पण कुत्र्यांचं लई लांबलं. वाट ऱ्हायली बाजूला आन् कुत्रीच झाली. थोडी काढ." मी मान डोलावली. बोर आहे न म्हणता त्यानं नेमकं काय ते सांगितलं होतं. मला तर पोरगं सुधारलं याचाच आनंद.

दिवाळीची सुट्टी संपली. उसाला तुरे आले, दिवस आखूड झाले. पहिल्याच गुरुवारी तिनं नवा खर्डा वाचला. त्यात एकही कुत्रं नव्हतं. वळणावर मी सायकलवरून उतरते, बहिणीला म्हणते गप बस, मग आम्ही हळूहळू चालतो, असं काहीतरी सुटसुटीत झालेलं. डेअरीवाल्या मुलाची कॉलर टाईट. "बघ, आता कशी मस्त वाट झाली!" बाकीच्यांनीही तेच सांगितलं. मीही म्हणाले, "शाब्बास, ऐकलंस आणि कात्री लावलीस, याला म्हणतात लिहिणं."

शाळा सुटल्याची घंटा झाली होती. तरी एक जण बोलायची राहिली होती, आणि कुणाला वगळून मी गोल मोडत नसे.

ही मुलगी त्या वर्षीच आमच्या शाळेत आली होती, संगमनेरच्या बाजूनं. मामाकडं राहायची. का राहायची ते शाळेत सगळ्यांना माहीत होतं. आदल्या वर्षी तिच्या चुलत बहिणीला उसातून आलेल्या बिबट्यानं नेलं होतं. तेव्हापासून आईबापांनी हिला तिथं ठेवलीच नाही. बोलायची फार कमी. गोलात बहुतेक 'अक्षर वाचता येतं' एवढ्यावर सुटका करून घ्यायची, आणि मी चिडायचे.

त्या दिवशी ती म्हणाली, "मला प्रश्न हाय. आधी तू कुत्र्यांमुळं उतरायचीस. आता उतरतीस कशाला?"

तिनं पुन्हा विचारलं, "कुत्री तू काढलीस, का ती गेली?"

वाचणारीनं तोंड उघडलं. मी सवयीनं बोट वर केलं, "कुलूप! उत्तर पुढच्या गुरुवारी, कागदावर."

"मॅडम," विचारणारी उठून उभी राहिली, "आज नियम ऱ्हाऊ द्या."

तिचा चेहरा पाहिला आणि माझं बोट आपोआप खाली आलं.

"गेली," वाचणारी म्हणाली. "दिवाळीच्या आधीच. पैलं म्हातारं गेलं. मग फाटक्या कानाचं. आता एक पण न्हाई."

डेअरीवाला मुलगा म्हणाला, "म्हंजे मी म्हनलो म्हनून न्हाई काढली?"

"न्हाई. तू म्हनलास काढ, तर मला बरं वाटलं. म्हटलं, बरं झालं, आता त्येचं लिहायला नको."

"मग घरी सांगितलं नाहीस?" मी विचारलं.

"सगळ्यांना ठाव हाय मॅडम. वस्तीवाले म्हनत्यात, त्येंच्या भावानं विष घातलं. बांधावरून भांडान हाय ना त्येंचं."

आता हे ऐकून मला हसावं का रडावं कळेना. आमच्याकडं बांधाचं भांडण म्हणजे असं, की पाऊस पडला नाही तरी तो भावानंच अडवला असं वाटतं. त्या दोन भावांनी तर पोलीस ठाण्यापर्यंत जाऊन तक्रारी केल्या होत्या. आणि सगळी वाडी दोन तट पाडून, विष कुणी घातलं यावर वाद घालत बसली होती.

"मेलेलं कुत्रं बघितलं का कुनी?" उभी असलेली मुलगी म्हणाली. "विष घातलं तर पडलेलं दिसतं. वास येतो."

"न्हाई बघितलं."

"आमच्याकडं बी आधी कुत्रीच गेली हुती. मग शेळ्या."

मी वाचणाऱ्या मुलीला विचारलं, "मग तू अजून वळणावर उतरतेस ती का?"

"माझं पाय थांबत्यात मॅडम. तिथं लई शांत असतं. जोरात गेलं तर कायतरी मागं लागंल असं वाटतं. म्हनून हळू जाते."

खिडकीतून बघितलं तर ऊन मैदानावरून निघून गेलं होतं. मी म्हणाले, "आज तू आणि बहीण सायकलवर जायचं नाही. मी येते सोडायला. जा, तिला घेऊन ये."

धाकटीची प्राथमिक शाळा रस्त्याच्या पलीकडं. ती आधी सुटायची. सुटली की ती आमच्या व्हरांड्यात येऊन खडे खेळत बसायची, ताईचा तास संपेपर्यंत. मोठी बाहेर गेली आणि लगेच परत आली. "मॅडम, ती न्हाई तिथं."

आमचे शिपाईमामा फाटकाला कुलूप लावायच्या तयारीत उभे होते. ते म्हणाले, "बारकी व्हय? ती मघाशीच गेली की चालत. म्हनली, ताई लई येळ लावती."

त्यानंतर मी काय काय बोलले ते मला नीट आठवत नाही. डेअरीवाल्या मुलाला सांगितलं, माझा मोबाईल घे, हिच्या वडलांना लाव, वस्तीवरच्या सगळ्यांना लाव, काठ्या घेऊन वळणावर यायला सांग. तिच्या वडलांचा नंबर त्या पोराला पाठ होता, त्यांच्याच डेअरीत दूध घालायचे ना ते. बाकीच्यांना म्हणाले, वर्गाबाहेर पाऊल टाकाल तर तंगडी मोडीन. आणि मोठीला मागं बसवून स्कूटर काढली.

डांबरी संपली आणि चारीची वाट लागली. दोन्हीकडचा ऊस माझ्या डोक्याच्या वर. आभाळात अजून उजेड होता, पण वाटेवर तो पोचत नव्हता. पाखरं घरी परतायची वेळ, तर एक पाखरू ओरडत नव्हतं. गावाकडची वाट म्हटली की कुठून ना कुठून कुत्रं भुंकतं, आपण त्याला शिवी देतो आणि पुढं जातो. त्या वाटेवर शिवी द्यायलाही काही नव्हतं. मी प्रार्थना करत होते आणि स्कूटरला शिव्या देत होते, दोन्ही एकाच दमात. मागं बसलेली पोर माझी साडी मुठीत धरून सारखी म्हणत होती, "ती हळू चालती मॅडम. ती लई हळू चालती." मला तिला धीर द्यायचा होता, पण आवाजच फुटेना. इतकी वर्षं ज्या आवाजाला मुलं घाबरली तो ऐन वेळी कुठं गेला कोण जाणे. मग मी हॉर्नवर अंगठा ठेवला आणि दाबूनच धरला.

वळण आलं. धाकटी वाटेच्या मधोमध उभी होती. पाठीवर दप्तर, आमच्याकडं पाठ. एक हात वर करून ती उसाकडं बघत टाटा करत होती.

"उतरू नकोस!" मी मोठीला ओरडले, आवाज आला एकदाचा. हॉर्न सोडला नाही. गाडी तिच्या अंगाला लावली, दंडाला धरून तिला उचललं आणि पुढं पायांपाशी उभी केली. उसाकडं मी बघितलं नाही. बघायची हिंमत नव्हती, हे खरं. पाचट मोडल्याचा आवाज मात्र ऐकला, एकदाच, आणि तो लांबचा नव्हता.

धाकटी रडायला लागली. दंड दुखला होता तिचा.

"कुणाला टाटा करत होतीस गं?" मागून मोठीनं विचारलं.

"मोठ्या मनीला. ती रोज असती. तू सायकल ढकलतीस ना, तवा मी मागं तोंड करून बसती. ती आपल्या मागं मागं येती, पार घरापातुर."

मोठीनं मागून दोन्ही हातांनी मला इतकं घट्ट धरलं की मला श्वास घेता येईना. समोरून लांबवर ट्रॅक्टरचा दिवा दिसत होता, माणसं ओरडत येत होती.

धाकटीनं डोळे पुसले आणि रागानं माझ्याकडं मान वर केली. "रोज ती लांबच ऱ्हाती. आज पार माझ्याजवळ येत हुती. तुमी हॉर्न वाजवून घालवली."

ट्रॅक्टरपाशी पोचेपर्यंत मी अंगठा उचलला नाही.