ओल्या फडक्यांचं घर

माझे वडील ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रंगाच्या कारखान्यात सुकवणीच्या खात्यात होते. ओला रंग पत्र्याच्या ट्रेमध्ये पसरायचा, ट्रे एका बंद खोलीत रचायचे आणि रंग वाळून त्याची भुकटी होईपर्यंत खोली तापलेली ठेवायची, हे त्यांचं काम. त्या खोलीच्या भिंतींना जाड नळ्या होत्या आणि त्यांतून बॉयलरची वाफ फिरायची. खंडेनवमीला घरच्या माणसांना कारखाना बघायला आत सोडत. मी सहावी-सातवीत असताना आईबरोबर गेले होते. त्या खोलीच्या दारात उभी राहिले आणि दोन मिनिटांत माझे ओठ ओढल्यासारखे झाले. वाफेची खोली म्हणजे दमट असणार, अशी माझी समजूत. मी बाबांना तसं विचारलं. त्यांनी खिशातला रुमाल नळाखाली भिजवला, पिळला, आतल्या दोरीवर टाकला आणि आम्हाला चहा प्यायला नेलं. परत आलो तेव्हा रुमाल पापडासारखा कडक झाला होता.

"वाफ नळीच्या आत आहे," बाबा म्हणाले. "खोलीत येते ती नुसती तिची ऊब. पाणी येत नाही."

तिथे काम करणाऱ्यांच्या नाकातून कधीकधी रक्त यायचं. म्हणून ते लोक तोंडाला ओला पंचा बांधत. बाबाही बांधत. शिवाय ते विड्या ओढत, खूप ओढत. त्यामुळे पुढे त्यांचा आवाज बसला तेव्हा घरात कुणाला विशेष काही वाटलं नाही. रंगाच्या भुकटीने असेल, विडीने असेल, थंडीने असेल. आई ज्येष्ठमध द्यायची. चार महिने झाले तरी आवाज सुटेना आणि घास गिळताना त्रास व्हायला लागला, तेव्हा कारखान्याच्या डॉक्टरांनी त्यांना मुंबईच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथे सांगितलं, घशात गाठ आहे, स्वरयंत्र काढावं लागेल, नाहीतर माणूस हाती लागणार नाही.

मी तेव्हा अकरावीत होते. आम्ही नेरूळला नव्याने झालेल्या वसाहतीत तळमजल्यावर राहत होतो. दोन खोल्या, पुढे ओटा, पूर्वेला डोंगर आणि पश्चिमेला मोकळी जमीन थेट खाडीपर्यंत. आईवडील मूळचे मराठवाड्यातले. आमच्या भावकीतलं इथे कुणीच नव्हतं. ऑपरेशनच्या दिवशी इस्पितळात आई, मी आणि बाबांच्या खात्यातले एक सोबती, एवढेच होतो. हे सोबती आमच्या जवळच्याच सारसोळे गावचे. त्यांचे भाऊबंद अजून खाडीत जाळी टाकत होते, हे एकटे कारखान्यात लागले होते. मी त्यांना काका म्हणायचे.

ऑपरेशननंतर बाबांच्या गळ्याला, पुढच्या बाजूला, रुपयाएवढं भोक राहिलं. आता श्वास तिथूनच घ्यायचा आणि तिथूनच सोडायचा. नाकाचा आणि छातीचा संबंध तुटला. बोलणं कायमचं गेलं. वॉर्डमध्ये एक केरळी सिस्टर होती, मोडक्या मराठीत पण अगदी नेमकं बोलायची. घरी सोडताना तिने आम्हा दोघींना बसवून घेतलं आणि सांगितलं की नाक नुसतं वास घ्यायला नसतं. आत जाणारी हवा नाकात ओली होते, गरम होते, गाळली जाते. "आता नाकाचं काम घराने करायचं," ती म्हणाली. भोकावर ओल्या मलमलची पट्टी कशी बांधायची, मिठाच्या पाण्याचे दोन थेंब कधी आणि कसे सोडायचे, हे तिने आमच्याकडून तीन-तीनदा करून घेतलं.

घरी आलो तेव्हा भाद्रपद होता. बाहेरची हवाच इतकी दमट होती की सिस्टरच्या बोलण्याची आठवणही झाली नाही. त्रास होता तो वेगळाच. बाबा घरातल्या घरात पाहुण्यासारखे राहायला लागले. त्यांना एक पाटी आणून दिली होती. त्यावर ते फक्त गरजेपुरतं लिहीत. पाणी. नको. बरं आहे. दारावर कुणी आलं की आतल्या खोलीत जाऊन बसत. श्वास घेताना गळ्यातून जो आवाज यायचा त्याची त्यांना लाज वाटायची. आई त्यांच्याशी पूर्वीसारखंच बोलत राहायची, भाजी, शेजार, माझा अभ्यास. ते मान हलवायचे आणि भिंतीकडे बघायचे. एकदा मी त्यांना विचारलं की तुम्ही पाटीवर जास्त का लिहीत नाही. त्यांनी लिहिलं, "लिहून होईपर्यंत लोक दुसरीकडे बघतात." ते वाचायला मला मान वळवावी लागली, कारण मीही दुसरीकडे बघत होते.

डिसेंबरात वारा फिरला. सकाळी डोंगराकडून कोरडा, बोचरा वारा यायला लागला आणि त्याच्याबरोबर दगडखाणींची धूळ. एका सकाळी मी कॉलेजला निघत होते, तर आतून आईने हाक मारली. बाबा पलंगाच्या कडेला दोन्ही हात टेकून बसले होते. खांदे वर ओढले गेले होते, ओठ काळसर पडले होते. श्वास आत जाताना शिट्टीसारखा बारीक आवाज येत होता. आतला ओलावा वाळून त्याची खपली धरली होती आणि ती भोकात अडकली होती. आईने मला बाजूला केलं, मिठाच्या पाण्याचे थेंब सोडले, थांबली, परत सोडले. बाबांना खोकल्याची मोठी उबळ आली आणि वाळक्या सालीसारखा एक तुकडा बाहेर पडला. मग श्वास मोकळा झाला. आई खाली जमिनीवर बसली आणि पदराने त्यांचे पाय पुसायला लागली. पायांना काहीही लागलेलं नव्हतं.

त्याच दिवशी इस्पितळात गेलो. डॉक्टर म्हणाले, परदेशात थंडीत घरं वाफेच्या नळ्यांनी तापवतात, तिथे हवा कोरडी पडते म्हणून लोक खोलीत पाण्याचं यंत्र ठेवतात. तसं यंत्र इथे मिळणं कठीण. तुम्ही घरीच काहीतरी करा, पण खोलीतली हवा ओली राहिली पाहिजे.

आईने लगेच सुरुवात केली. आधी स्टोव्हवर पातेलं ठेवून पाणी उकळत ठेवलं. खोली वाफेने भरली, पण रॉकेलच्या वासाने बाबांना खोकला सुटला. मग तिने आपल्या माहेरची रीत काढली. मराठवाड्यात उन्हाळ्यात खिडकीला वाळ्याचे पडदे लावून त्यांवर पाणी मारतात. वाळा नव्हता, म्हणून तिने जुन्या चादरी, लुगडी, गोणपाटं भिजवून जिथे जागा मिळेल तिथे टांगली. आमच्या दोन खोल्यांत चालायचं म्हणजे ओली फडकी बाजूला करत जायचं. पाणी दिवसातून दोनदा यायचं, तेवढ्या वेळात पिंप भरून ठेवायचं. मी अभ्यासाला शेजारी जायला लागले.

आठ-दहा दिवसांत खपल्या धरणं कमी झालं, पण घराची वाट लागली. पलंगामागच्या भिंतीला काळी बुरशी आली. डब्यातलं पीठ गुठळ्या धरायला लागलं, माझी पुस्तकं फुगली, गाद्यांना कुबट वास यायला लागला. आईचे गुडघे आधीच दुखरे, ते ओलाव्याने धरले. तरी ती फडकी भिजवत होती. एका दुपारी भिंतीवरची बुरशी खरवडता खरवडता तिने हातातला ब्रश टाकला.

"तुमची हवा ओली करायला मी आहेच," ती बाबांना म्हणाली. "पण किती करू, ते तरी सांगा. मला कळत नाही, आणि तुम्ही तोंड फिरवून बसता."

ती चिडून बोलली नाही, अगदी दमून बोलली. बाबा तिच्याकडे वळले. मग त्यांनी पाटी घेतली आणि पहिल्यांदाच ती काठोकाठ भरली. काकांना बोलाव. खात्यात ओला-कोरडा थर्मामीटर असतो. फुटक्या फळीचा एक स्टोअरमध्ये पडून आहे. साहेबांना विचारून आण म्हणावं.

काका रविवारी तो घेऊन आले. लाकडी फळीवर दोन थर्मामीटर शेजारी शेजारी. एकाच्या खालच्या गोळ्याला कापडाची वात गुंडाळलेली आणि वातीचं टोक पाण्याच्या बाटलीत. हवा जितकी कोरडी तितकं वातीतलं पाणी लवकर उडतं आणि तो थर्मामीटर जास्त खाली उतरतो. दोघांतला फरक बघायचा. मोठा फरक म्हणजे कोरडी हवा, लहान फरक म्हणजे ओली. बाबांनी हे आयुष्यभर रंग वाळवण्यासाठी पाहिलं होतं. आता त्यांना त्याच्या उलटं हवं होतं.

दुसऱ्या दिवसापासून ते सकाळी उठल्याबरोबर फळीपाशी उभे राहायला लागले. दर दोन तासांनी माझ्या जुन्या वहीत आकडे लिहायचे. तीन-चार दिवसांनी वही पुढे करून त्यांनी आम्हाला दाखवलं की सकाळी फरक आठ-नऊ अंशांचा असतो आणि दुपारी दोननंतर आपोआप निम्म्यावर येतो, फडकी असोत वा नसोत. असं का होतं ते त्यांना उमगत नव्हतं. काका आले तेव्हा बाबांनी वही त्यांच्यापुढे ठेवली. काकांनी आकड्यांकडे नीट पाहिलंही नाही. म्हणाले, "त्यात काय हाय? सकालचा वारा डोंगराचा, कोरा. दुपारला खाडीचा येतो, त्याच्यात पानी हाय. आमी होड्या त्याच्यावरच परत आनतो."

बाबांनी मांडीवर थाप मारली. ऑपरेशननंतर त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. आवाज नव्हता, पण खांदे हलत होते.

मग घराची सगळी रीत त्यांनीच बसवली. सकाळी पूर्वेच्या खिडक्या घट्ट बंद. खोलीत फक्त दोन मोठी पसरट मातीची भांडी, त्यांच्यावर आडव्या काठ्या, काठ्यांवरून सुती धोतराच्या पट्ट्या सोडलेल्या, पट्ट्यांची टोकं पाण्यात. कापड आपलं आपण पाणी ओढून घ्यायचं, कुणी भिजवत बसायला नको. दुपारी खाडीचा वारा लागला की पट्ट्या काढायच्या आणि पश्चिमेच्या खिडक्या सताड उघडायच्या. फरक चार अंशांवर आला की पुरे, त्याहून ओलं करायचं नाही, असं त्यांनी भिंतीवर खडूने लिहून ठेवलं. दर दोन दिवसांनी भांडी घासायची आणि पट्ट्या उकळून काढायच्या, हे काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. भिंती हळूहळू कोरड्या झाल्या. आईने बुरशी खरवडून चुना मारला. त्या हिवाळ्यात परत तशी सकाळ आली नाही.

एवढ्याने ते पूर्वीचे झाले, असं नाही. कारखान्याने त्यांना स्टोअरमध्ये बसून करायचं काम दिलं, ते त्यांनी केलं. चारचौघांत त्यांचा हात गळ्यावरच्या पट्टीकडे जायचाच. पण दारावर माणूस आला तर आत जाऊन बसणं थांबलं, कारण आता लोक पट्ट्यांची भांडी बघून विचारायचे आणि त्यांना समजावून सांगायचं असायचं. पाटीवर चित्रं काढून ते सांगत. समोरचा माणूसही चित्र पुरं होईपर्यंत थांबायचा.

दर महिन्याला तपासणीसाठी खाडीपुलावरून बसने इस्पितळात जावं लागे. एका खेपेला सिस्टर बाबांना वॉर्डमध्ये घेऊन गेली. तिथे बीडकडचे एक शेतकरी होते. तेच ऑपरेशन, तसंच भोक. सोमवारी त्यांना घरी सोडायचं होतं आणि त्यांची बायको रडत होती, कारण गावाकडे आता उन्हाळा लागला होता आणि सिस्टर ओल्या हवेचं सांगत होती. बाबा त्यांच्या खाटेवर बसले. दोघेही बोलू न शकणारे. बाबांनी पाटीवर भांडं काढलं, काठी काढली, पट्ट्या काढल्या. त्या माणसाने पाटी हातात घेतली आणि बोटाने विचारलं, खिडकी कुठे? बाबांनी खिडकी काढली. मग त्यांना वारा कुठून येतो ते विचारायचं होतं. त्यांनी गळ्यापुढे पंजा हलवून वारा दाखवला, तर तो माणूस हसला. त्याची बायको रडायची थांबली आणि माझ्याकडे वळून विचारायला लागली की मातीचंच भांडं लागतं का, घमेलं चालेल का. मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी चालेल म्हणून मान हलवली, आणि मग पाटीवर लिहिलं, "गंज चढला तर बदला."

त्यानंतर सिस्टर त्यांना दर खेपेला बोलवायची. तपासणी दहा मिनिटांत व्हायची आणि वॉर्डमध्ये दोन तास जायचे. आई डबा जास्त घेऊन निघायला लागली.

जूनमध्ये बीडकडून एक पोस्टकार्ड आलं. अक्षर शाळेतल्या मुलीचं होतं, मजकूर तिच्या वडिलांनी सांगितलेला. सांगितलेला म्हणजे कसा, याचा मी पुष्कळ विचार केला. लिहिलं होतं की दोन घमेली ठेवली आहेत, पाणी विहिरीवरून येतं, उन्हाळा निभावला, झोप लागते. बाबांनी ते कार्ड वाचलं आणि आईच्या हातात दिलं. तिने मनातल्या मनात वाचायला सुरुवात केली, तर त्यांनी तिच्या दंडाला हात लावला आणि खूण केली, मोठ्याने. तिने मोठ्याने वाचून दाखवलं. संपल्यावर त्यांनी बोट गोल फिरवलं, आणि तिने ते पहिल्यापासून पुन्हा वाचलं.