परत मागितलेली जर्सी

ऐंशीच्या दशकात मी मिशिगनमधल्या एका छोट्या गावात इमर्जन्सीची डॉक्टर होते. गावाची आइस हॉकीची टीम होती, खालच्या लीगमधली. मॅचला डॉक्टर म्हणून बसायला दुसरं कुणी तयार नव्हतं, म्हणून दर शनिवारी मी जायचे. पोरांच्या फुटलेल्या हनुवट्या, भुवया शिवायचे. सीझन संपला की ती मला अंगावरची जर्सी काढून द्यायची. न धुतलेली, घामट, बाहीवर पक, म्हणजे खेळातली ती रबरी चकती, लागल्याचे काळे डाग. मला भारी अप्रूप त्यांचं. बेसमेंटमध्ये मी त्या ओळीनं टांगल्या होत्या. "वास मारतोय गं," नवरा कुरकुरायचा. ट्रॉय शहरातून मराठी मंडळी आली की मात्र तोच कौतुकानं त्यांना खाली न्यायचा.

त्यातली सगळ्यात लाडकी जर्सी एका बावीस वर्षांच्या डिफेन्समनची. कॅनडातल्या कुठल्याशा खेड्यातला होता. कधीमधी आमच्याकडे जेवायला यायचा. कॉलरवर त्याच्याच रक्ताचा डाग होता. टाके मी घातले होते.

एका फेब्रुवारीत मॅचमध्ये त्याचं डोकं कडेच्या फळ्यांवर आपटलं. ड्रेसिंग रूममध्ये त्याला दोनदा उलटी झाली, आणि स्कोअर किती झाला, हे त्यानं मला चार वेळा विचारलं. दुसऱ्याच दिवशी वरच्या लीगमधून फोन आला: आमचा एक खेळाडू जायबंदी झालाय, याला ताबडतोब पाठवा. फक्त फिट असल्याची डॉक्टरची सही हवी.

"दोन आठवडे बर्फावर पाय ठेवायचा नाही," मी त्याला सांगितलं.

"दोन आठवड्यांनी मला कोण विचारतंय, डॉक? सही करा ना."

"नाही करणार."

सही माझ्याच हॉस्पिटलमधल्या एका सर्जननं करून दिली. आजवर एकाही मॅचला न फिरकलेला माणूस.

निघण्याआधी तो पोरगा आमच्या दारात आला. आत ये म्हटलं तरी आला नाही.

"माझी जर्सी परत द्या."

"तू मला दिली होतीस ती."

"तुम्ही माझ्या बाजूच्या आहात असं वाटलं, म्हणून दिली होती."

नवरा मागून हळूच म्हणाला, "देऊन टाक." मी खाली जाऊन जर्सी आणली, सवयीनं घडी घालून त्याच्या हातात दिली. त्यानं तिचा बोळा केला आणि काखेत मारला.

वरच्या लीगमध्ये तो पाच मॅच खेळला. त्याला काहीही झालं नाही. मी पाचही रेडिओवर ऐकल्या. खरं सांगायचं तर त्याचं नाव आलं की मी त्याच्या पडण्याची वाट बघायचे. तो पडावा, लवकर उठू नये, आणि माझंच बरोबर होतं हे सगळ्यांना कळावं. मी, डॉक्टर.

पुढच्या सीझनच्या तोंडावर टीमच्या मॅनेजरचा फोन आला. "या वर्षी आम्ही त्या सर्जनना विचारलंय. ते जरा... समजून घेतात. तुम्ही बघायला या की, तिकीट ठेवतो."

"थँक यू," म्हणून मी फोन ठेवला.

त्या हिवाळ्यात शनिवारच्या ड्यूट्या मी मागून घेतल्या. टीममधला कुणी रक्तबंबाळ होऊन इमर्जन्सीत आला, तर नर्सला सांगायचे, "त्यांच्या डॉक्टरांना बोलवा."