सीताफळाच्या गाडीवरचा माझा आवाज

पन्नाशीत अंगाची लाही होते, झोप उडते, गुडघे कुरकुरतात, हे मैत्रिणींनी मला आधीच सांगून ठेवलं होतं. आवाज बदलतो हे मात्र एकीनंही सांगितलं नाही. माझा बदलला. घोगरा झाला आणि खालच्या पट्टीत जाऊन बसला.

आमच्या कॉलनीच्या गणपतीत कित्येक वर्षं सूत्रसंचालन मीच करायचे. जरीची साडी नेसायची, हातात माईक घ्यायचा आणि असं काही घोटीव, पुस्तकी मराठी बोलायचं की पुण्याच्या पाहुण्यांनीही मान डोलवावी. कन्नड गावातल्या माझ्या माहेरचं 'लई' आणि 'व्हय' त्या दिवसांत मी घरीच ठेवून जायचे. यंदा मंडळाच्या पोरांनी कानाला माईक अडकवणारी एक मुलगी आणली. मला म्हणाले, "काकू, तुम्ही आता पहिल्या रांगेत बसून एन्जॉय करा." बसले. टाळ्याही वाजवल्या. घरी येऊन नवऱ्यावर उगीचच डाफरले आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडले. आपला आवाज आता कुणाला नको, असं मला अगदी खरं वाटलं होतं.

गणपती गेले आणि सीताफळं आली. आमच्या गल्लीत शहागंज बाजारातला एक फळवाला हातगाडी आणतो. हल्ली कुणी फेरीवाला स्वतःच्या घशानं ओरडत नाही. गाडीला भोंगा बांधतात, त्यात एकदा रेकॉर्डिंग भरतात आणि दिवसभर तेच वाजत राहतं. याचं रेकॉर्डिंग इतकं खरखरायचं की तो फळं विकतोय की भंगार मागतोय, कळायचं नाही. एकदा मी त्याच्याशी भावावरून भांडत होते. तो ऐकत राहिला आणि थोरल्या बहिणीला म्हणावं तसं म्हणाला, "बाजी, तुमची आवाज लई दमदार है. मेरे भोंगे में भर के देव ना."

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशी माझी गत झाली. मी तिथल्या तिथं हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बेडरूमचा पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, मोबाईल तोंडासमोर धरला आणि सुरू केलं, "नमस्कार. दौलताबादची रसाळ, मधुर सीताफळं आज आपल्या दारी आली आहेत." शेवटचं वाक्य संपतंय तोच करपल्याचा वास आला. धावता धावताच मी कसंबसं बटण दाबून ते त्याला पाठवून दिलं. पुन्हा ऐकायला वेळ कुणाला होता?

दोन दिवसांनी शेजारच्या गल्लीत माझा आवाज वाजताना कानावर आला. मी स्कूटी काढून गाडीच्या मागं. भोंगा म्हणाला, "नमस्कार." मी मनातल्या मनात नमस्कार केला. रसाळ झालं, मधुर झालं, आणि त्याच दमात भोंग्यातून मी गरजले, "अवो, दूध उतू चाललं ना! गॅस बंद करा की. पेपर कुठं पळून चाललाय व्हय?"

मी स्कूटीवर थिजलेच. समोरच्या ओट्यावर एक आजी भाजी निवडत बसल्या होत्या, त्या ताडकन उठून घरात गॅस बघायला गेल्या. वरच्या मजल्यावरून एक बाई हातात झारा घेऊन गॅलरीत आली. एक गृहस्थ पेपर खाली ठेवून उभेच राहिले. आणि मग जो तो हसायला लागला. हसता हसता बायका खाली उतरल्या आणि गाडीभोवती ही गर्दी. मी हेल्मेट काढलंच नाही.

फळवाल्याला गाठून म्हटलं, "ते मागचं काढून टाक." त्यानं कानाला हात लावले. "नक्को बाजी. रसाळ-मधुर कोई नै सुनता. लोगां उसीच पे बाहर आते."

मला हसावं की रडावं कळेना. आयुष्यभर घासूनपुसून नेलेला आवाज कुणी ऐकत नव्हतं, आणि जो घरी ठेवून जात होते, त्यासाठी गल्ली जिने उतरत होती. खरं सांगते, आतून मला गुदगुल्या होत होत्या. निमित्त काढून मी गुलमंडीच्या बाजारापर्यंत चकरा मारल्या.

पण आमचे हे पडले अबोल. भोंग्यात बोलणी खाणारे ते, हे त्यांच्या ऑफिसात कुणीतरी ओळखलं. साहेब, दूध बघून आलात ना, असं शिपायापासून सगळे विचारायला लागले. ते मला एवढंच म्हणाले, "जमलं तर काढायला सांग." त्यांचा उतरलेला चेहरा बघून मी मुकाट्यानं नवं, स्वच्छ रेकॉर्डिंग करून दिलं. ते वाजत गेलं आणि कुणी ढुंकून पाहिलं नाही. फळवाला खट्टू झाला. त्याहून जास्त मी.

त्याच सुमारास आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं आणि मी आठवडाभर कन्नडला गेले. परत आले, पाणी प्यायला फ्रिज उघडला, तर खालपासून वरपर्यंत सीताफळं. भाजीच्या ट्रेमध्ये सीताफळं, अंड्यांच्या जागी सीताफळं. या माणसानं बियांच्या कटकटीपायी जन्मात कधी सीताफळाला हात लावलेला नाही.

"अवो, हे काय?"

ते पेपराची घडी घालत म्हणाले, "त्याला म्हटलं, पहिलंच लाव."

"पण तुम्हाला लाज वाटत होती ना?"

"वाटते की. पण घरात आवाजच नव्हता. दारात गाडी थांबून राहायची तर काहीतरी घ्यावं लागतं."

मी सगळ्यांत पिकलेलं एक सीताफळ काढलं, एकेक बी वेगळी केली आणि नुसता गर वाटीत घालून त्यांच्यापुढं ठेवला. आणि मग जी सुरू झाले, आईचा डोळा, एसटीतली भांडणं, कन्नडच्या बाजारातली गर्दी, सगळं त्या घोगऱ्या आवाजात सांगत सुटले. ते चमचा हातात धरून ऐकत होते.