दाजींची मैना

आमच्या दाजींइतका संशयी माणूस कृष्णाकाठानं दुसरा पाहिलेला नाही. दाजी म्हणजे माझ्या चुलतबहिणीचे, अक्काचे यजमान. पलटणीत हवालदार होते. आफ्रिकेच्या वाळवंटात पकडले गेले, जर्मनीत कैदेत राहिले आणि लढाई संपल्यावर कराडजवळच्या आपल्या गावी परतले ते हा संशय बरोबर घेऊनच. चहा आला की आधी वास घेत. बसायचं तर पाठ भिंतीला आणि तोंड दाराकडे. अर्धी भाकरी फेट्यात दडवून ठेवत आणि फेटा सोडताना ती खाली पडली की, कुणी ठेवली म्हणून आमच्याकडेच रोखून बघत.

जर्मन मात्र त्यांच्या तोंडात चांगलं बसलं होतं. ते लोक होकाराला 'या' म्हणतात. वाटेवरून जाणाऱ्यानं 'जेवण झालं का, हवालदार?' म्हणून सहज विचारलं की दाजी आतून 'या, या' म्हणत. तो बिचारा पायताण काढून पाटावर येऊन बसे. मग हा माणूस काय हुडकायला आला होता, याचा विचार दाजी दिवसभर करत.

मी तेव्हा सांगलीला कॉलेजात होतो. जुन्या बाजारात मला जर्मन शिकवणारं एक पुस्तक मिळालं होतं. पहिली बरीच पानं उंदरांनी खाल्लेली, पण उरलेल्यांवर मी ऐट मिरवत होतो. तेवढ्यात अक्कानं मला बोलावून घेतलं. स्वयंपाकघरात नेऊन ती म्हणाली, "पेटीतनं कायतरी काडत्यात, बगत्यात, आन् मैना फ्राव, मैना फ्राव म्हंत्यात. मी गेले की पेटीला कुलूप. ही मैना कोन हाय ती हुडकून काड. खरंच कोन आसंल तर मी कवठ्याला माहेरी चालले. गाठोडं बांदूनच ठेवलंय."

गाठोडं खरंच बांधलेलं होतं. 'फ्राव' म्हणजे बाई एवढं मला पुस्तकावरून ठाऊक होतं. म्हणजे मैनाबाई! ही विद्या मी अक्काला सांगितली नाही.

जर्मन शिकायचं निमित्त करून मी रोज दाजींपुढे बसू लागलो. पुस्तकावर त्यांचा पहिल्या दिवसापासून संशय. 'माझ्या काकांची टोपी बागेत आहे' हे वाक्य मी वाचून दाखवलं तर म्हणाले, कुणाच्या तोंडून हे ऐकलं नाही, लिहिणारा तिकडे गेलेलाच नाही. खरं जर्मन त्यांनी शिकवलं. समोरच्याचं कळलं असो वा नसो, 'आख सो' म्हणायचं. आपलं 'व्हय का' तसं. तो नाही म्हणाला आणि आपलं होय असलं तर 'डोख'. म्हणजे 'हाय की'. काहीच सुचलं नाही तर सुस्कारा टाकून 'ना या'. टोपी आणि काका यांच्यावाचून त्या देशात माणूस जगू शकतो, असं त्यांचं मत होतं.

आठव्या दिवशी मी धीर करून विचारलं, "दाजी, मैना कोण?"

त्यांनी दार लोटलं. मला कुणी पाठवलं हे त्यांनी बहुधा ओळखलंच असावं. मग करदोड्याची किल्ली सोडून पेटी उघडली आणि कापडात गुंडाळलेला एक फोटो माझ्या हातात दिला. कोपरे झिजलेले, मधोमध घडी. कराडच्या फोटोवाल्याकडे काढलेला, खुर्चीला धरून ताठ उभ्या असलेल्या आमच्या अक्काचा.

कैदेत त्यांना एका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडे बटाटे काढायला धाडत. त्यानं हा फोटो बघून कोण म्हणून खुणेनं विचारलं आणि उत्तरही त्यानंच शिकवलं. 'माइनं फ्राउ'. म्हणजे माझी बायको. दाजींच्या तोंडी त्याचं 'मैना फ्राव' झालं. 'माझी' हा शब्द उंदरांनी खाल्लेल्या पानांत गेला होता.

"पैलं त्येच शिकलो, पाव्हणं," दाजी म्हणाले. "आपल्या बोलीत आसं म्हनाया लाज वाटती. तितं कुनाला कळतंय?"

आमच्याकडे पुरुषमाणूस बायकोचं नाव घेत नाही, 'माझी बायको' असंही म्हणत नाही, 'घरात विचारतो' म्हणतो. तीन वर्षं परमुलखात हा माणूस ते मोठ्यानं म्हणत होता.

दाराआड बांगड्या वाजल्या. अक्का बाहेर आली नाही. मी स्वयंपाकघरात गेलो तेव्हा ती गाठोडं सोडून लुगडी फळीवर ठेवत होती, माझ्याकडे पाठ करून.

आता दाजी नाहीत. अक्का थकली आहे, तिला दिसत नाही. मी भेटायला गेलो की तो फोटो चाचपून बाहेर काढते आणि म्हणते, "त्ये जर्मन म्हन की रं येकदा." मी नीट, पुस्तकातल्यासारखं म्हणतो, "माइनं फ्राउ."

ती मान हलवते. "न्हाई रं. त्ये पुस्तकातलं झालं. मैना म्हन."